यल्दाच्या रात्री हाफ़िज़ला घातलेली शपथ

यल्दाच्या संध्याकाळी इराणमधल्या शिराझमध्ये असाल तर फारसी कवी हाफ़िज़च्या कबरीकडे फिरकू नका. अख्खं शहर तिथे लोटलेलं असतं. संगमरवरावर हात टेकवायलाही धक्काबुक्की, त्यात प्रत्येकाचा मोबाईल हवेत. मी वैतागून बाहेर पडले. इस्फहान, यझ्द आधीच उरकलं होतं; त्यांचे फोटो सगळ्यांकडेच असतात.

रात्री ओळखीच्या एका घरी बोलावणं होतं. यल्दा म्हणजे डिसेंबरच्या 20-21 तारखेची, वर्षातली सर्वांत मोठी रात्र. अंधाराचा जोर आज सर्वांत जास्त, उद्यापासून दिवस वाढणार. तोवर कुणी एकटं राहायचं नाही, घरातल्या थोरल्यांकडे जमून जागायचं. पूजा नाही, उपास नाही. कोजागरीला आपण निदान चंद्राकडे तरी बघतो, इथे बघायचं ते एकमेकांच्या तोंडाकडे.

कोरसीभोवती आम्ही दाटीवाटीने बसलो. बुटकं टेबल, खाली हीटर (पूर्वी निखारे असत), वरून दुलई आणि सगळ्यांचे पाय आत. समोर कलिंगड, डाळिंबं, सुकामेवा. आज कलिंगड खाल्लं की उन्हाळा बाधत नाही म्हणे. डाळिंबाच्या दाण्यांवर मीठ आणि गोलपर नावाच्या मसाल्याची पूड. वास उग्र, पण मी दुसरी वाटी घेतली. तिसरी लादली गेली. इराणी आग्रह सुरुवातीला गोड वाटतो, मग जीव घेतो.

मग आजींनी हाफ़िज़चा दिवान, म्हणजे त्याच्या गझलांचा संग्रह, हातात घेतला. मनात इच्छा धरायची, सांगायची नाही. हाफ़िज़ला खुदाची आणि त्याच्या लाडक्या शाख-ए-नबातची शपथ घालायची आणि पान उघडायचं; जी गझल निघेल तोच कौल. मी गृहकर्ज मनात धरलं. निघाली प्रेयसीच्या केसांवरची गझल, आणि त्यातूनही सगळ्यांनी मिळून माझं भलं शोधून काढलं! धाकट्या सुनेची पाळी आली. तिचा नवरा नोकरीसाठी परदेशात. आजी पान उघडून क्षणभर थांबल्या, अंगठ्याने ते हळूच उलटलं आणि पुढची गझल खणखणीत आवाजात वाचली. "उदास निघाली की ती असंच करते," नातू माझ्या कानात म्हणाला. सुनेलाही ते माहीत असणार. तरी ती मान डोलावत ऐकत होती.

आजोबांना मी दख्खनची आहे हे कळल्यावर चेव चढला. बहमनी सुलतानाने हाफ़िज़ला बोलावलं होतं, तो होर्मुझला जहाजावर चढलाही, पण वादळ बघून उतरला, अशी कथा त्यांनी साभिनय सांगितली. "तुमच्याकडे यायचं म्हणजे केवढं धाडस!" म्हणाले, आणि कलिंगडाची आणखी एक फोड माझ्या ताटलीत ठेवली.