गाठ सापडल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत

न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात १९६४ ते १९८६ या काळात स्तनाच्या कर्करोगासाठी ६०६ रुग्ण आले. त्यांतील बहुतेक स्त्रिया कृष्णवर्णीय आणि गरीब होत्या. निम्म्या जणींचा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत पोचलेला होता, पहिल्या अवस्थेत आलेल्यांचे प्रमाण अवघे ६ टक्के होते आणि पाच वर्षांनंतर ३९ टक्केच हयात राहिल्या.

याचे खापर वंशावर फोडणे सोपे होते. हार्मोन-उपचारांना दाद न देणारा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांत गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळतो, हे खरेच आहे. पण रोग इतका वाढेपर्यंत बाई डॉक्टरसमोर का येत नाही, याचे उत्तर पेशींत सापडत नाही. हार्लेम रुग्णालयातले सर्जन डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी ते गरिबीत शोधले. हार्लेममधील कृष्णवर्णीय पुरुष वयाची ६५ वर्षे गाठण्याची शक्यता बांगलादेशातील पुरुषांपेक्षाही कमी आहे, असे त्यांनी आणि त्यांचे सहकारी कॉलिन मॅककॉर्ड यांनी १९९० मध्ये दाखवून दिले.

त्याच वर्षी फ्रीमन यांनी रुग्णांसोबत मार्गदर्शक नेमायला सुरुवात केली. तपासणीत काही संशयास्पद आढळले, की बायोप्सीची तारीख मिळवणे, विम्याचे कागद पुरे करणे, मुलांना कोणाकडे ठेवायचे ते ठरवणे, भीती वाटत असेल तर शेजारी बसणे, ही सगळी कामे मार्गदर्शकाची. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यात काहीच नवे नव्हते, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. जोडीला मोफत किंवा अल्पदरात तपासणीही होती. १९९५ ते २००० या काळातील ३२५ रुग्णांत ४१ टक्के जणींचे निदान अगदी सुरुवातीच्या अवस्थेत झाले आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. अर्थात, मधल्या काळात औषधेही सुधारली होती, शिवाय जगण्याची वर्षे निदानापासून मोजतात, त्यामुळे निदान लवकर झाले की जगण्याचा काळ आकड्यांत आपोआप लांबलेला दिसतो. त्यामुळे सारे श्रेय मार्गदर्शकांना देता येणार नाही.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयात ‘केवट’ नावाने अशाच मार्गदर्शकांना प्रशिक्षण दिले जाते. मात्र ते भेटतात रुग्णालयात पोचल्यावर. गावाकडच्या बाईची गाठ आणि परळ यांच्या मधल्या महिन्यांत तिच्यासोबत बहुधा कोणीच नसते.