आमची वाटचाल : जळगावातून चालणारा डाव

गेमचा सर्व्हर (सगळ्यांचा डाव ज्यावर चालतो तो संगणक) चालवून पोट भरतं का, असं सोयरे-धायरे मला अजूनही विचारतात. भरतं. फर्म लहान आहे. पण स्ट्रॅटेजी गेमचा, म्हणजे राज्यं उभारून डावपेचांनी लढायच्या गेमचा, डाव मांडून देणं आणि तो महिनोन्‌महिने बिनतक्रार चालता ठेवणं, हे काम खान्देशात आमच्याइतकं मन लावून कोणी करत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

सुरुवात २००३ साली गोलाणी मार्केटमधल्या एका गाळ्यातून, सायबर कॅफे म्हणून झाली. भांडवल माझं आणि हात मावसभावाचा. त्याच्याकडे नेटवर्क केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायचं, निळ्या मुठीचं एक क्रिम्पिंग टूल होतं, ते तो कोणाला हात लावू देत नसे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा केबलमधल्या आठ तारांचा क्रम त्याला झोपेतही पाठ. तारा बोटांनी सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या, वरचं आवरण आरजे-४५ प्लगच्या आत जाईल इतकंच सोलायचं आणि मग एकदाच दाबायचं. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागल्याशिवाय तो केबल भिंतीला ठोकत नसे. त्या केबल आम्ही गाळा सोडला तेव्हाही चालू होत्या. आजची पोरं तयार पॅच कॉर्ड आणतात आणि लिंक तुटली की राउटर बदलतात. आधी केबल तपासा, एवढंच सांगेन.

तेव्हा सगळं वेड एज ऑफ एम्पायर्स २ चं. या गेममध्ये मैदानातली प्रत्येक तुकडी नेटवर्कवरून जात नाही. जातात फक्त खेळाडूंच्या आज्ञा, आणि प्रत्येक मशीन तोच डाव आपापल्या पोटात चालवतं. म्हणून आठ जणांच्या डावात एक मशीन रखडलं की आठही रखडतात, आणि एकावर पॅच (गेमची सुधारित आवृत्ती) वेगळा असला की डाव ‘आउट ऑफ सिंक’ होऊन मोडतो. मावसभाऊ नवी रॅम आली की सगळ्यात चांगल्या मशीनला नाही, सगळ्यात रडक्या मशीनला लावायचा. गिऱ्हाईक पुन्हा का येतं, हे मी तिथे शिकलो.

भारनियमनाने त्या धंद्याचं कंबरडं मोडलं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी आटलेलं, आणि ऐन लढाईत लाइट जायची. रिअल टाइम, म्हणजे न थांबता चालणारा डाव एकदा विझला की पोरांचा जीवच उडायचा. फ्रीसिव्ह आमच्याकडे आला तो यामुळे. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५-९६ मध्ये सुरू केलेला हा मुक्त परवान्याचा गेम टर्नवर, म्हणजे ठरावीक वेळेच्या फेऱ्यांवर चालतो. ‘सेव्हटर्न्स’ हे सेटिंग १ वर ठेवलं की प्रत्येक टर्नची फाइल पडते. वीज गेली, आली, शेवटची फाइल उचलली, ५५५६ पोर्टवर (गेमच्या ठरलेल्या दारावर) सर्व्हर उभा केला, आणि डाव पुढे सुरू. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि गावोगावचे कॅफे बसले. आम्ही त्याआधीच सर्व्हरच्या धंद्याकडे वळलो होतो. मधली वर्षं नीट गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

आता आमच्या नकाशाबद्दल. तापीचं खोरं मी स्वतः फरशी-फरशी (नकाशाचा एकेक चौकोन) करून मांडलं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधून पश्चिमेला जाणारी तापी, तिला मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर. फारुकी सुलतानांचं थाळनेर आणि बुऱ्हाणपूर, आणि १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडलेला असीरगड. शहरांच्या यादीत अमळनेर, चोपडा, रावेर, यावल, पारोळा, शिरपूर, शहादा. फाइलच्या पहिल्या ओळीत आमच्या फर्मचं नाव. त्या नकाशावर आमचा ‘लाँगटर्न’ चालायचा, म्हणजे २३ तासांचा एक टर्न, टाइमआउट (टर्नची मुदत) ८२,८०० सेकंद. २४ का नाही? टर्न रोज तासभर अलीकडे सरकतो, म्हणून रात्रपाळीवाला कायमचा अडकत नाही.

हे सगळ्यात आधी कळलं ते भुसावळच्या अप्पांना. अप्पा रेल्वेत लोको पायलट. ड्युटीला ठरलेली वेळ नाही. मालगाडी घेऊन कुठे गेले तर तिथल्या रनिंग रूममध्ये जेवण, झोप आणि टर्न. मला फोन करून पहिला प्रश्न, “काय भो, टर्न फिरला का?” वर्गणी कधी उशिरा नाही, कधी घासाघीस नाही. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाच सवलत मागितली, तीही दुसऱ्या एका खेळाडूसाठी. त्याची केळी वादळात झोपली होती.

२०२० च्या टाळेबंदीत खेळाडू वाढले. पुणे-मुंबईहून घरी परतलेली पोरं आली, आखाती देशांत नोकरी करणारे आपले लोक आले. त्यापुढच्या वर्षी आमच्याच शहरात एकाने गेम होस्टिंगचं दुकान थाटलं. त्याचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे ॲडमिनचं काम बघणारा मुलगा त्याने जास्त पगारावर उचलला. त्याबद्दल तक्रार नाही, पोराने पैसे बघितले. पण जाताना तो चालू डावाची शेवटची सेव्ह फाइल, नकाशा आणि खेळाडूंचे नंबर घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना निरोप गेला की तोच डाव, त्याच टर्नपासून, आमच्याकडे फुकट.

धंद्यातल्या माणसालाच कळेल हे काय आहे. एकच जग दोन ठिकाणी सुरू झालं. निम्म्याहून जास्त खेळाडू तिकडे गेले, आमच्याकडची त्यांची राज्यं ओस पडली, आणि ज्यांनी मैत्रीचे करार केले होते त्यांचा करार कोणाशी तेच उरलं नाही. वर्गणी आटली. मुंबईतल्या सर्व्हरचं भाडं मी घरातून भरत होतो, आणि बायकोने एकदाही ‘बंद करा’ म्हटलं नाही. लोक सांगायचे, गेमच मुक्त आहे, तर रडता कशाला? मुक्त परवाना मलाही कळतो. आम्ही नकाशा त्याच परवान्यावर दिला होता. घ्या, वाटा, बदला. पण करणाऱ्याचं नाव पुसायला तो परवाना परवानगी देत नाही. त्यांच्या फाइलमधून पहिली ओळ गायब होती. थाळनेरच्या खाली मी खूण म्हणून ठेवलेली झोपडी मात्र तिथेच होती. त्याच वर्षी एका व्यापारी मेळाव्यात ‘खान्देशचा पहिला गेम नकाशा’ म्हणून त्यांचा सत्कार झाला. शाल-श्रीफळ. मी मागच्या रांगेत बसलो होतो.

अप्पांनी त्या काळात जे केलं ते भाऊबंदही करत नाहीत. ड्युटीवरून आल्यावर ते एकेका खेळाडूला स्वतः फोन करायचे. ओस पडलेली राज्यं चालवायला त्यांनी रेल्वेतलेच नवे गडी आणले, शिकवले, बसवले. आमचा डाव थांबला नाही.

तिकडे काय झालं ते तांत्रिक आहे, आणि नीट समजून घ्या. सेव्ह फाइलमध्ये डाव असतो, सेटिंग असतात, पण पासवर्ड नसतात. ते वेगळ्या डेटाबेसमध्ये, आणि तो माझ्याकडे होता. त्यांनी कोरा डेटाबेस लावला. जो आधी येईल तो कुठलंही नाव नोंदवणार. एकाने दुसऱ्याच्या नावाने आत शिरून त्याची शहरं वाटून टाकली. शिवाय गेम पटापट चालावा म्हणून त्यांनी टाइमआउट १२ तासांवर आणला आणि आम्ही ३६,००० सेकंद ठेवलेला ‘युनिटवेटटाइम’ (एकाच तुकडीच्या दोन हालचालींतलं सक्तीचं अंतर) शून्यावर. तो असतो कशासाठी? टर्न फिरायच्या मिनिटभर आधी घोडदळ हलवायचं आणि फिरल्याबरोबर पुन्हा हलवायचं, ही लबाडी अडवायला. शून्य केल्यावर जो जागा तो जिंकला. रात्रपाळीवाले, शेतावर असणारे सगळे लुटले गेले. भांडणं झाली, आणि मागची फाइल लावायची तर कुठल्या टर्नची यावर आणखी भांडणं.

वर्ष सरायच्या आत बरेच जण परत आले. मी कोणाला जाब विचारला नाही, त्यांच्या जागा शक्य तिथे परत दिल्या.

नव्याने होस्टिंगमध्ये उतरणाऱ्यांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. घरच्या कनेक्शनवर सर्व्हर ठेवायचा तर आधी स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घ्या. कंपनी एकच आयपी अनेक घरांना वाटत असेल तर राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस आत येणार नाही. सर्व्हर थेट टर्मिनलवर सोडू नका, लाइन तुटली तरी प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या ‘टीमक्स’मध्ये चालवा, नाहीतर तुमची लाइन तुटली की डावही मरेल. सेव्ह फाइल दुसऱ्या शहरात रोज उतरवा. आमची मुंबईहून जळगावला येते. ॲडमिन सोडून गेला की त्याच तासाला सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, बदला. आणि सणाला टाइमआउट वाढवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या खेळाडूंच्या घरी लेकी माहेरी आलेल्या असतात, त्या दिवशी कोणाचं शहर पडता कामा नये.

नवा डाव आखाजीनंतर सुरू होतोय. मागच्या महिन्यात त्याच दुकानाचा मालक मध्यस्थामार्फत निरोप पाठवून गेला, त्यांच्याकडचे उरलेले डाव आम्ही चालवायला घ्यावेत म्हणून. पैसे बरे देतोय. मी कळवलं की काम घेईन, खेळाडूंचा त्यात काय दोष, पण आधी नकाशाच्या फाइलमध्ये पहिली ओळ परत टाका. अजून टाकलेली नाही.