कोकणात रीफ टॅंक करायचाय? समुद्र जवळ आहे म्हणून खूश होऊ नका

देवगडला राहतो, समुद्र चालत जाण्याएवढा जवळ, त्यामुळे ज्याला ज्याला सांगतो की घरी रीफ टॅंक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची काचपेटी, करायचाय त्याला वाटतं याचं अर्धं काम झालेलंच आहे. पाणी समुद्राचं, वाळू किनाऱ्यावरची, दगड खडपातले, आणि कोरल काय, मालवणला जाऊन आणेल. काकांना तर अख्खा प्रकारच पटलेला नाही, "दर्यो दारात आसताना काचेच्या पेटयेत कित्याक व्हयो तुका?" असं त्यांचं चालू आहे. तर सांगायचं म्हणजे वरच्या यादीतलं जवळजवळ काहीच जसंच्या तसं वापरता येत नाही, आणि का नाही ते शोधता शोधताच माझा प्लॅन तयार झाला.

मला टॅंक नॅचरल फिल्ट्रेशनवर चालवायचाय, म्हणजे डबाभर स्पंज आणि केमिकल मीडिया न वापरता दगड, वाळू, शेवाळ आणि बॅक्टेरिया यांच्या भरवशावर. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि साधे फिल्टर इथेच थांबतात. मासे नायट्रेट बऱ्यापैकी सहन करतात, कोरल तेवढं नाही. त्याच्या पुढची पायरी करणारे बॅक्टेरिया जिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो तिथेच काम करतात, ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू बुडबुडे होऊन उडून जातो. ओहोटीला खाडीत उतरलात की वर तपकिरी चिखल आणि पाय रुतला की खाली काळा, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा थर लागतो ना, तिथे हेच सगळं चालू असतं, वरच्या थरात ऑक्सिजनवाले, मधे नायट्रेटवाले, आणि एकदम खाली सल्फाइड करणारे. टॅंकमधे आपल्याला पहिले दोन भरपूर हवेत, तिसरे होतील तितके कमी.

ही कल्पना नवीन नाहीये. १९६१ मधे इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्राचं पाणी, जिवंत दगड (भोकाभोकांत बॅक्टेरिया वसलेला), ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर कोरल जगवून दाखवलं होतं. नंतर बर्लिनवाल्यांनी भरपूर लाईव्ह रॉक, म्हणजे तोच जिवंत दगड, आणि प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) अशी पद्धत बसवली, मोनॅकोला जॉबेअर यांनी जाड वाळूच्या खाली पाण्याची पोकळी ठेवून नायट्रेट उतरवलं, आणि अमेरिकेत स्मिथसोनियनच्या वॉल्टर अॅडी यांनी शेवाळाच्या जाळीवरून पाणी फिरवून तेच काम शेवाळाकडून करून घेतलं. मी यातलं थोडं थोडं घेतोय. स्किमरही घेणार आहे, छोटा. "नॅचरल म्हणजे मशीनच नको" असं म्हणणारे भेटतात, पण रीफवर लाटा असतात हो, टॅंकमधे लाट कोण आणणार? वेव्हमेकर आणि पंप हे तर हवेतच, पाणी दगडाच्या भोकाभोकातून फिरलं नाही तर आतल्या बॅक्टेरियाला खायलाच मिळणार नाही.

आता लाईव्ह रॉक, म्हणजे या सगळ्याचा पाया, तो मुळात असतो कोरलचाच जुना सांगाडा, आणि इथेच आपल्याकडे वेगळं गणित आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी कडक कोरल आहेत, शिवाय ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन हेही, म्हणजे वाघाच्याच यादीत. मेलेलं, वाहून किनाऱ्यावर आलेलं कोरलसुद्धा उचलून घरी न्यायचं नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथे स्नॉर्कलिंग करा, पोरांना दाखवा, पण पिशवी घेऊन जाऊ नका. कोणी "ओरिजिनल लाईव्ह रॉक आहे, गुपचूप देतो" म्हणाला तर दोन हात लांब.

मग दगड आणायचा कुठून? जांभ्याकडे सगळ्यांची नजर जाते, माझीही गेली, आयती भोकं, दारात ढीग पडलेला, फुकट. पण जांभा म्हणजे लोह आणि अॅल्युमिनियमचा कारभार, पाण्यात झिजतो, लाल माती सोडतो, गोड्या पाण्यातल्या प्लांटेड टॅंकमधे तळाला वापरतात ते वेगळं, रीफमधे नको. मी दगड घरीच ओतणार आहे, सिमेंट, बारीक कुटलेले शिंपले आणि जाडं मीठ. मीठ नंतर विरघळून जातं आणि आत पोकळ्या राहतात. सिमेंटचा त्रास एकच, ते ताजं असताना पाण्याचा पीएच फार वर नेतं, त्यामुळे आठवडेच्या आठवडे गोड्या पाण्यात मुरवावं लागतं, पाणी बदलत बदलत. आणि इथे मात्र कोकणात राहण्याचा फायदा आहे, मे महिन्यात ओतायचे आणि पावसाळाभर पागोळीखाली मांडून ठेवायचे, पाणी बदलायचं काम आभाळाकडे. शेवटी डोणीत बुडवून पीएच तपासायचा, दोनतीन दिवसांनी पुन्हा, चढत नसेल तर झालं. असा दगड सुरुवातीला मेलेलाच असतो, जिवंतपणा यायला कोणाच्या तरी जुन्या टॅंकमधली मूठभर वाळू किंवा एखादा दगड लागतो, पाणी नव्हे, कारण हे बॅक्टेरिया पाण्यात कमी आणि पृष्ठभागाला चिकटून जास्त असतात.

वाळूचंही तसंच. आपल्या किनाऱ्यांवर बरीचशी खडकांची झीज होऊन आलेली वाळू, रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत तर इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज, तिचा अल्कलिनिटीला, म्हणजे पाण्याचा पीएच टिकवून धरायला, काही उपयोग नाही, आणि किनारा उपसून आणायचा म्हणजे पुन्हा कायदा आलाच. शिंपल्यांचा चुरा जाडा असतो, त्यात घाण अडकून बसते. त्यामुळे अॅरॅगोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, बारीक वाळू विकत घ्यायची, सगळ्यात नकोसा खर्च हाच आहे. डिस्प्लेमधे, म्हणजे वरच्या दिसणाऱ्या टॅंकमधे, पातळ थर आणि खाली सम्पच्या (स्टॅंडखालच्या मदतीच्या टाकीच्या) एका कप्प्यात १२ सेंटीमीटरचा जाड थर, म्हणजे समजा तो थर बिघडला तर वरचं सगळं न मोडता तेवढाच काढता येईल. जाड थर एकदा बसला की ढवळायचा नाही, काळा थर वर आला की हायड्रोजन सल्फाइड पाण्यात आणि मासे गेले.

पाण्याबद्दल माझ्या डोक्यात बरेच दिवस दोन मतं होती. समुद्राचं पाणी फुकट आणि पाकिटातल्या कोणत्याही सॉल्ट मिक्सपेक्षा (पाण्यात कालवायचं तयार समुद्री मीठ) खरं, पण रीफला क्षारता हवी हजारी ३५, आणि जून ते सप्टेंबर नद्या, ओढे, खाड्या सगळं गोडं आणि गढूळ पाणी किनाऱ्याला आणून ओततात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे लांब जाणारी बोटही नाही. नोव्हेंबर ते एप्रिल ओळखीच्या खलाशाला सांगून जेटीपासून, खाडीच्या तोंडापासून लांबचं पाणी कॅनमधे आणता येतं, डिझेलच्या कॅनमधे नाही हे वेगळं सांगावं लागतं. गाळून, अंधारात काही दिवस ठेवून, रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता तपासून. पण अर्धं वर्ष एक पाणी आणि अर्धं वर्ष दुसरं अशी खिचडी कोरलला मानवत नाही, त्यामुळे शेवटी बारा महिने सॉल्ट मिक्स असंच ठरवलंय.

टॉप-अपसाठी विहिरीचं पाणी चालणार नाही. पाणी उडतं तेव्हा मीठ मागे राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची, आणि ते शक्य तितकं कोरं हवं. किचनमधल्या आरओवर विसंबू नका, बऱ्याच मशीनमधे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. तो बंद करून पुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार ओढून घेणारे दाणे) लावायचं, टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे.

शेवाळासाठी सम्पमधे रेफ्युजियम, म्हणजे शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा, त्यात चिटो, ते गुंतवळासारखं हिरवं शेवाळ. दर काही आठवड्यांनी मूठभर काढून टाकलं की तेवढं नायट्रेट फॉस्फेट टॅंकबाहेर गेलं. कॉलर्पा दिसायला छान पण कधीकधी एका रात्रीत बीज सोडून विरघळतं आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात, त्यामुळे नको. रेफ्युजियमचा लाईट रात्री लावायचा, वरचे लाईट बंद असताना पीएच घसरतो तो जरा सावरतो. लोक मॅन्ग्रोव्ह लावा म्हणतात. फोटोत मस्त दिसतात, पण वाढ इतकी सावकाश की फिल्टर म्हणून उपयोग नगण्य, आणि आपल्याकडे कांदळवनाला हात लावायचा नाही. विषय संपला.

खरी भीती आहे ती उकाड्याची. टॅंक २५-२६ डिग्रीवर हवा आणि मे महिन्यात इथे खोलीतच ३३. पंख्याने पाणी उडवून दोनतीन डिग्री उतरतात पण हवा दमट असली की पाणी उडतच नाही, ऑक्टोबर हीटला तर पंखा नुसता फिरतो. म्हणून टॅंक माजघरात, चिऱ्याच्या जाड भिंतीला लागून, आणि चिलरचे पैसे पहिल्या बजेटमधेच धरायचे, "बघू नंतर" नाही. तळमजलाच हवा, चार बाय दोन बाय दोन फूट म्हणजे साधारण ४५० लिटर, दगड काच स्टॅंड सम्प धरून अर्ध्या टनाच्या वर जातं.

आणि वीज. २०२१ च्या मे मधे तौक्ते वादळानंतर कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. पंप थांबला की आधी ऑक्सिजन संपतो, आणि नॅचरल सिस्टिममधे दगड-वाळूतले कोट्यवधी बॅक्टेरियाही तोच ऑक्सिजन ओढत असतात, म्हणजे आपला सगळ्यात मोठा मदतनीस त्या रात्री माशांचा स्पर्धक होतो. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आणि शिवाय बॅटरीवर चालणारा एअर पंप, एवढं नसेल तर हा नाद करू नये असं माझं स्पष्ट मत.

मासे कमी. टॅंकमधे पैदास केलेली क्लाऊनफिशची जोडी, सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास आपल्याकडे बसवल्यापासून समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारणच नाही, आणि एक गोबी. कडक कोरल कायद्यामुळे माझ्या यादीतच नाही. मश्रूम, लेदर, झोअँथिड अशी मऊ मंडळी, तीही कोणाच्या तरी टॅंकमधे वाढलेले तुकडे, बिलासकट. झोअँथिडमधे पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं, ते लागलेला दगड उकळायचा नाही, ब्रशने घासायचा नाही, हाताळताना ग्लोव्ह्ज आणि चष्मा. घरात लहान मुलं असतील तर हे आधी वाचा.

वेळापत्रक असं की दगड पावसाळ्यात मुरतील, दसऱ्याच्या आसपास टॅंकमधे पाणी, मग अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नुसतं बघत बसायचं, तपकिरी शेवाळ येईल, मग हिरवं येईल, पुसत बसायचं नाही फार. मासे जानेवारीत. कोरल मात्र पहिल्या वर्षी आणायचंच नाही, एक अख्खा मे महिना आणि एक पावसाळा नुसत्या माशांवर काढायचा, तापमान रोज वहीत लिहायचं, आणि पारा २८ च्या खाली राहिला तरच पुढच्या दिवाळीला पहिला मश्रूम.