पुढचं वळण सांगा, काकाजी

मेळघाटात मी आरोग्य केंद्राची अँब्युलन्स चालवतो. रिकामा बसलो की मोबाईलवर कार रॅलीच्या शर्यतींचे व्हिडिओ पाहतो, म्हणून पोरं मला लोएब म्हणून चिडवतात. सेबास्टियन लोएब, २००४ ते २०१२ सलग ९ वेळा जगज्जेता झालेला फ्रेंच गडी. पण मला कौतुक त्याच्या शेजारी बसणाऱ्या डॅनियल एलेनाचं. नवही वेळा तोच सोबत होता. शर्यतीआधी दोघं रस्ता पाहून येतात, वळण न् वळण वहीत उतरवतात. मग एलेना वाचतो अन् लोएब नुसतं ऐकून गाडी वळवतो.

ऑगस्टमधली रात्र होती. सेमाडोहकडची बाळंतपणाची केस, मूल आडवं, अचलपूरला न्यायचं. घटांग सोडलं आणि उतारावर धुकं असं दाटलं की अप्पर लाईट मारला तर समोर नुसतं पांढरं. डिप्परवर दोन हात रस्ता दिसे. सिस्टर मागे पेशंटजवळ. शेजारी बाईचा सासरा, उमेदीत बांबूच्या ट्रकवर क्लीनर होता.

"डावं हाये," तो म्हणाला, तोवर वळण बोनेटखाली आलेलं.

"काकाजी, हे नाही. याच्या पुढचं सांगा."

म्हातारा क्षणभर गप्प. मग सुरू झाला. "उजवं, लंबं हाये. मंग मोरी. मोरीले लागूनच डावं, दाबून घे. तिथं दरड येते, मधातून चाल."

व्हिडिओत पोरांना फक्त घसरणारी गाडी दिसते. इथे मागे अडलेली बाई. एक हिसका बसला तरी सिस्टर ओरडणार. दुसरा गिअर, ब्रेकला पाय कमीत कमी, कान म्हाताऱ्याकडे. लोएबने २०२२ मध्ये ४७ व्या वर्षी मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली, तेव्हा शेजारी इसाबेल गाल्मिश होती. पेशाने गणिताची शिक्षिका! मग क्लीनर का नको?

दरड खरंच आली होती. अर्धा रस्ता मुरमाखाली, आम्ही मधातून निघालो.

पहाटे सिझर झालं. मुलगी, दोघी बऱ्या. कपडे-भांडी आणायला म्हातारा माझ्यासोबतच गावाकडे निघाला. मी पुढचं दार उघडलं, तर तो मागच्या बाकावर जाऊन आडवा झाला.

"आता उजेड हाये. तुले दिसते ना?"