मॅनेजर का झालो नाही

लग्नात, बारशात, कॉलेजच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच, "अरे बरोबरचे डिलिव्हरी मॅनेजर झाले, तू अजून टेक्निकललाच?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहितो. मला विचारलं नव्हतं असं नाहीये, विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो. माणसं सांभाळता येत नाहीत म्हणून तर अजिबातच नाही.

हिंजवडीला फेज थ्रीत आयटी कंपनीत टीम लीड होतो, अप्रेजल, म्हणजे वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन, चालू होतं. टीममधल्या एका मुलीने बँक क्लायंटचं मंथ-एंडचं, म्हणजे महिनाअखेरचं काम रात्री जागून सांभाळलेलं, नंतर ती मॅटर्निटी लीव्हवर गेली. मी तिला वरचं रेटिंग दिलं, माझ्या मॅनेजरनेही मान्य केलं. मग नॉर्मलायझेशन झालं, म्हणजे सगळ्यांची रेटिंग्ज ठरलेल्या टक्क्यांत बसवली, आणि ती थेट शेवटच्या बकेटमध्ये, सगळ्यात खालच्या गटात. का, तर बेल कर्व्हला, म्हणजे वर-मध्ये-खाली किती टक्के लोक हे आधीच ठरवणाऱ्या पद्धतीला, कुणीतरी खाली लागतंच आणि "ती तशीही अर्धं वर्ष नव्हती". अहो, 26 आठवड्यांची रजा कायद्याने दिलीय! मॅनेजर म्हणाला माझ्या हातात नाही, त्याच्या वरचा म्हणाला टक्के युनिटकडून ठरून आलेत, त्याच्याही वरच्याने एचआरकडे पाठवलं आणि एचआर म्हणे रेटिंग तर मॅनेजरच देतो. मायक्रोसॉफ्टने 2013 लाच असली टक्केवारीची रेटिंग्ज बंद केली हेही मी मीटिंगमध्ये बोललो, सगळ्यांनी माना डोलावल्या, रेटिंग्जची यादी तीच राहिली.

आणि तिला सांगायचं कुणी, तर मी. वर पुन्हा सूचना, "वरून आलंय म्हणू नको, आपला निर्णय म्हणून सांग." तिने विचारलं, "सर, काय चुकलं तेवढं सांगा, मी सुधारते." काही चुकलंच नव्हतं. मी तिला खरं काय झालं ते सगळं सांगितलं. आठवड्याभरात तिने पेपर टाकले, नोटिस पिरियड 90 दिवसांचा, बाळ घरी, आणि ती रोज येऊन नीट हँडओव्हर देत होती, माझ्याच्याने बघवत नव्हतं.

पुढच्या सायकलला मॅनेजरची जागा मला देत होते.

तेव्हा मी ठासून म्हणायचो की मधल्या लेयरच्या लोकांना कणाच नसतो. आता तसं म्हणवत नाही, कारण माझ्या त्या मॅनेजरने त्याच मीटिंगमध्ये दोघांची रेटिंग्ज भांडून वाचवली होती हे मला फार उशिरा कळलं. मी तिथे असतो तर तिसरं वाचलं असतं का? बायको म्हणते, तू नाही म्हणालास म्हणून यादी थांबली नाही, दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवली. ते मला खोडता येत नाही. पण यंदा परत विचारलं, आणि मी परत नाहीच म्हणालो.