चवळी आधी, अंबाडी नंतर

भुसावळच्या नोकरीवरून संध्याकाळच्या गाडीने जळगावला परत येऊन घराचे दार उघडेपर्यंत सात वाजून जातात, आणि पत्नीची दुपारपाळी असते त्या दिवसांत रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. अशा वेळी खिचडी आणि शेवभाजी या दोघींवर खानदेशातील किती घरे तरून जातात हे मला ठाऊक आहे. परंतु खिचडीत हिरवे काही नसते आणि शेवभाजी म्हणजे शेवटी तळलेले बेसनच. म्हणून पालेभाजी आणि कडधान्य एकाच भांड्यात शिजेल, भाकरीबरोबर पोटभर होईल आणि घरी आल्यापासून पाऊण तासात ताटात येईल, अशी एक पातळ भाजी मी हळूहळू बसवली. ती लवकर होण्यासाठी संध्याकाळी हात किती चालतो यापेक्षा सकाळी काय करून ठेवले आहे आणि कोणता जिन्नस कोणाच्या नंतर पडतो, याला अधिक महत्त्व आहे.

कडधान्यांत मी चवळी निवडली. ती हरभऱ्यापेक्षा आणि राजम्यापेक्षा लवकर शिजते, तिची साल पातळ असते आणि शिजल्यावर थोडी घोटली तरी रस्सा दाट होतो. चार माणसांना एक वाटी चवळी पुरते. सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी ती धुऊन, चमचाभर मीठ घातलेल्या भरपूर पाण्यात भिजत घालतो. मीठ घातले की कडधान्य शिजत नाही, असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते आणि आईही तेच सांगत आली आहे. प्रत्यक्षात भिजवण्याच्या पाण्यातील मिठामुळे सालीत घट्ट बसलेले कॅल्शियम काहीसे सुटते आणि साल मऊ पडते. संध्याकाळी हे पाणी फेकून द्यायचे आणि शिजवायला नवे घ्यायचे. उन्हाळ्यात मात्र दिवसभर बाहेर ठेवलेली चवळी आंबूस होते. जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास असताना तिची जागा फ्रिजमध्येच असते.

पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. आमच्या वसाहतीत बोअरवेलचे पाणी येते आणि ते जड आहे. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम कडधान्याच्या सालीला पुन्हा घट्ट करतात, त्यामुळे त्या पाण्यात चवळी कितीही शिट्ट्या घेऊन दाताखाली कचकचते. यावर खायच्या सोड्याची चिमूट हा घरोघरचा उपाय आहे आणि त्याने चवळी मऊ होते हेही खरे. पण सोड्यामुळे कडधान्यातील बी-1 जीवनसत्त्व नष्ट होते आणि चवही साबणासारखी लागते, म्हणून मी पिण्याचे गाळलेले पाणीच वापरतो. चवळी जुनी असेल तर मात्र कोणताच उपाय पुरा पडत नाही. उष्ण व दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेले दाणे कायमचे चिवट होतात. त्यामुळे वर्षाचे कडधान्य एकदम भरण्याची आमच्या घरची रीत मी चवळीपुरती तरी मोडली आहे.

पाल्याचे काम आदल्या रात्रीचे. पावसाळ्यात बाजारात अंबाडी आणि पोकळा दोन्ही मिळतात, आणि मी दोन्हींची एकेक जुडी घेतो. नुसत्या अंबाडीची भाजी करायची तर आई ती आधी उकडून पिळून घेते, म्हणजे आंबटपणा बेताचा राहतो. मला तेवढा वेळ नसतो, म्हणून निम्मा पोकळा मिसळून मी तेच साधतो. पोकळ्याची कोवळी देठे टाकायची नाहीत, अंबाडीची मात्र फक्त पाने घ्यायची. आमच्याकडची काळी माती पानांना चिकटून बसते. पाला मोठ्या पातेल्यातील पाण्यात बुडवून हाताने वर उचलून घ्यावा. पातेले तसेच चाळणीत उपडे केले तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत असे करायचे, मग पाला निथळून सुती कापडात गुंडाळून ठेवायचा. चिरणे मात्र संध्याकाळीच.

घरी आल्यावर पहिले काम कुकर. भिजलेली चवळी, ती बुडून दोन बोटे वर राहील इतके पाणी आणि हळद. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. वाफ आपोआप जिरेपर्यंतच्या वेळात भाकरीचे पीठ मळून होते. कळण्याचे पीठ, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेले, घरात असेल तर माझ्यासारख्याचे काम सोपे होते, कारण उडदाच्या चिकटपणामुळे थापताना कडा फाटत नाहीत. नुसत्या दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, पिठाची भाकरी चवीला सरस, पण त्यासाठी उकळते पाणी आणि आईचा हात लागतो.

दुसऱ्या शेगडीवर पातेल्यात शेंगदाण्याचे तेल तापवून जिरे आणि ठेचलेला लसूण घालतो, आणि लसूण बदामी झाला की मूठभर भाजलेले शेंगदाणे व तीन-चार हिरव्या मिरच्या यांचे जाडसर वाटण परततो. कांदा-खोबरे जाळून केलेला काळा मसाला या भाजीत घालू नये, असे माझे मत आहे. तो वांग्याला आणि शेवभाजीला शोभतो, अंबाडीचा मात्र जीव घेतो. वाटणाला तेल सुटले की चिरलेला पोकळा घालायचा. तो दोन-तीन मिनिटांत बसतो.

यानंतर चवळी पाण्यासकट ओतायची आणि अंबाडी घालण्यापूर्वी एक दाणा बोटांत दाबून पाहायचा. तो लोण्यासारखा दबला नाही तर कुकर पुन्हा चढवावा, पण अंबाडी घालू नये. आंबट पदार्थ पडला की दाण्यांचे मऊ होणे जवळपास थांबते. अंबाडीऐवजी टोमॅटो किंवा चिंच असली तरी हाच नियम. दाणा मऊ असेल तर डावाच्या पाठीने पातेल्याच्या कडेला थोडी चवळी घोटायची, मीठ घालायचे आणि मग अंबाडीची पाने. झाकण न ठेवता सात-आठ मिनिटे उकळले की पाने विरघळतात. आंबटामुळे हिरवा रंग मळकट होतो, त्याला इलाज नाही. लोखंडी कढई इथे वापरू नये. अंबाडीच्या आंबटाने भाजी काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते. तेवढ्या वेळात तव्यावर भाकऱ्या होतात.

हिवाळ्यात अंबाडीच्या जागी मेथी येते. तिच्यात आंबटपणा नसल्याने हा धाक राहत नाही. ती चवळीआधी तेलावर परतली की कडवटपणा सौम्य होतो आणि वाढताना लिंबू पिळायचे. लिंबू चवीसाठी तर आहेच, शिवाय त्यातील क जीवनसत्त्वामुळे पाल्यातील व कडधान्यातील लोह शरीराला अधिक मिळते. मुलगा मधूनमधून राजम्याचा आग्रह धरतो. तो मी रविवारीच करतो, कारण कच्च्या राजम्यातील विषारी लेक्टिन नाहीसे करण्यासाठी तो रात्रभर भिजवून, पाणी बदलून, पुरता शिजवावाच लागतो, आणि घाईच्या संध्याकाळी अर्धवट शिजलेला राजमा पानात वाढण्याची जोखीम मला नको वाटते.

उरलेली भाजी सकाळपर्यंत फ्रिजमध्ये घट्ट होते. डब्यात न्यायची असेल तर पाणी न घालता तव्यावर आटवून कोरडी करतो, म्हणजे गाडीत सांडत नाही. घरी खायची असेल तर उकळते पाणी घालून सैल करतो आणि वरून लसणाची व लाल तिखटाची ताजी फोडणी देतो.