मेच्या शेवटच्या आठवड्याआधी: शाळेच्या खरेदीचा हिशोब

कर्नाटकातल्या शाळा मे सरता सरता उघडतात. तिकडे कोल्हापूर-चंदगडच्या पोरांची सुट्टी अजून पंधरा दिवस शिल्लक असते. त्यामुळे आपल्याकडे बेळगावात मेच्या शेवटच्या आठवड्यात गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार सगळीकडे पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत भाव कोण विचारणार? दुकानदार पुढ्यात टाकेल ते पिशवीत जातं. पंधरा मेच्या आसपास सकाळी लवकर निघालात तर दहा गोष्टी उलटून पालटून बघता येतात. मात्र एका फेरीत सगळं उरकायचा मोह नको. वह्या, गणवेशाचं कापड, रेनकोट आधी घ्या. पुस्तकं, गाईड, कंपास, कव्हरचा कागद हे शाळेची यादी हातात आल्यावर. पैसे भावात जातात त्यापेक्षा जास्त चुकीच्या वेळी घेतलेल्या वस्तूंत जातात.

बाजाराआधी माळ्यावरचं सामान खाली उतरवा. गेल्या वर्षीच्या वह्यांत कोरी पानं किती उरलीत ते बघितल्याशिवाय नवीन डझनाचा विषय काढू नका. मधोमध पिन मारलेली शंभर पानी वही म्हणजे 100 बाजू, 50 कागद, म्हणजेच घडी घातलेली 25 जोडपानं. पोरानं पुढचे 15 कागद लिहिले असतील तर त्यांचे जोडीदार 15 कागद वहीच्या शेवटी कोरे असतात, आणि मधली 10 जोडपानं पूर्ण कोरी. म्हणून लिहिलेली पानं फाडली की मागची आपोआप सुटतात, वही खिळखिळी होते. फाडू नका. वही मधोमध उघडा, पिनांचे पाय सुरीच्या पाठीनं उभे करा, पिना काढा आणि मधली 10 जोडपानं अलगद उचला. दोन वह्यांची मिळून 20 जोडपानं झाली, म्हणजे ऐंशी पानी वही. घडीवर वरून चार सेंटीमीटर, खालून चार सेंटीमीटर आणि बरोबर मध्ये अशी तीन भोकं दाभणानं पाडा. मेणबत्तीवर घासलेला जाड दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि आतच गाठ मारा. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर झकास होतं. वीसपेक्षा जास्त जोडपानं एका घडीत घेऊ नका, आतली पानं बाहेर डोकावतात आणि वही पोट सुटल्यासारखी दिसते. चार रेघी आणि एक रेघी पानं एकत्र केलीत तर मात्र बाईंचा ओरडा खायची तयारी ठेवा. मागचे सुटे 15 कागद गणिताच्या कच्च्या कामाला.

आता नव्या वह्या. मुखपृष्ठावर 172 लिहिलं असेल तर त्या बाजू असतात, कागद 86, आणि काही वह्यांत कव्हरच्या बाजूही त्यातच मोजलेल्या असतात. भाव नेहमी दर बाजूला काढायचा. समजा 200 पानी वही 50 रुपयांना आणि 100 पानी 30 रुपयांना मिळते आहे: पहिली बाजूला 25 पैसे, दुसरी 30. मग सरळ 200 पानीच घ्यावी? थांबा. 24 बाय 18 सेंटीमीटरच्या वहीचा साधारण 57 जीएसएम (चौरस मीटरला 57 ग्रॅम) कागद धरला तर 200 पानीत नुसता कागदच अडीचशे ग्रॅमच्या जवळ जातो. सहा विषयांच्या सहा वह्या म्हणजे दीड किलो, वर पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली. कर्नाटक सरकारच्या 2019 च्या आदेशात पहिली-दुसरीच्या दप्तराला दीड ते दोन किलो आणि तिसरी ते पाचवीला दोन ते तीन किलो अशी मर्यादा आहे. म्हणून प्राथमिकला 100 पानीच बऱ्या, हायस्कूलला गणित आणि विज्ञानासाठी 200 पानी.

आणि पूर्ण वर्षाच्या वह्या जूनला घ्यायची गरज नसते. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत पुरतील एवढ्या घ्या. मध्येच बाई चार रेघी सोडून एक रेघी सांगतात आणि घरात अर्धा डझन चार रेघी पडून राहतात. डझनाचा भाव हवा असेल तर दोन घरांनी मिळून डझन घ्यावा, भावकीत नाही तर शेजारी.

22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर आणि क्रेयॉन यांच्यावरचा जीएसटी शून्य झालाय. वह्या आणि पेन्सिलीवर त्याआधी 12 टक्के होता. जुन्या छापील किमतीचा माल पुढे आला तर तेवढं विचारायला लाजू नका. पेन आणि दप्तर यात नाहीत, तिथे भांडू नका.

पुस्तकांच्या बाबतीत सीमेवरची एक खास गोची आहे. चंदगड किंवा कागलकडच्या मावसभावाची मराठी माध्यमाची पुस्तकं फुकट मिळतात, मोहही होतो. ती महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाची. इकडची मराठी माध्यमाची पुस्तकं कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, त्यामुळे धडे जुळत नाहीत. महाराष्ट्र बोर्डासाठी छापलेल्या गाईडचंही तेच. बाहेर ‘सातवी, मराठी माध्यम’ दिसतं आणि घरी आल्यावर आतला पहिलाच धडा वेगळा निघतो. दुकानात अनुक्रमणिका शाळेच्या पुस्तकाशी ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मावसभावाची पुस्तकं गणिताच्या सरावाला आणि अवांतर वाचनाला मात्र जरूर ठेवा. सरकारी आणि अनुदानित शाळेत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. ती यायला उशीर झाला म्हणून घाईनं विकत घेऊ नका, मंडळाच्या संकेतस्थळावर पीडीएफ असतात. पहिले दोन धडे मोबाईलवर चालतात की.

गणवेशात सगळ्यात जास्त पैसा जातो, आणि तो वाचतो शिंप्याकडे. दुकानात तयार मिळणाऱ्या पँटला खाली जेमतेम इंचभर दुमड असते. शिवून घेताना खाली तीन इंच, कमरेच्या मागच्या शिवणीत दीड इंच आणि शर्टाच्या बाजूंना एकेक इंच दाब, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, सोडायला सांगा. दहा-बारा वर्षांचं पोर वर्षाला पाच-सात सेंटीमीटर वाढतं, म्हणजे तीन इंचांत वर्ष सहज निघतं. कापड शिंप्याकडे द्यायच्या आधी एकदा पाण्यातून काढून वाळवा. सुती मिश्रण पहिल्या धुण्यात आटतं, आणि शिवल्यावर आटलं की दाब असूनही काखेत काचतं. शाळेनं नेमून दिलेल्या दुकानाबाहेर कापड घेणार असाल तर जुन्या गणवेशाचा तुकडा सोबत न्या आणि रंग दाराशी उन्हात जुळवा. ट्यूबलाईटखाली करडा आणि निळसर करडा सारखेच दिसतात.

दुसऱ्या वर्षी दुमड सोडली की जुन्या घडीची रेघ उठून दिसते, कारण तिथे मळ आणि साबण बसलेला असतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओलं फडकं फिरवा, मग उलट्या बाजूनं इस्त्री. मूळ कापडच विटलं असेल तर रेघेवर एक शिलाई मारून घ्यायची, ती मुद्दाम घातल्यासारखी दिसते.

किती जोड? जुलैत बेळगावात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, खानापूरकडे तर बोलायलाच नको. म्हणून तीन शर्ट आणि दोन पँट किंवा स्कर्ट. तीन पूर्ण जोड घेणं म्हणजे पँटचे पैसे फुकट. शनिवारचा पांढरा गणवेश आठवड्यातून अर्धा दिवस अंगावर असतो, तो थोरल्याचा धाकट्याला खुशाल चालतो. पिवळा पडला असेल तर नीळ घाला. जुन्या शर्टावरचा बिल्ला ब्लेडनं टाके कापून काढायचा आणि नव्यावर लावायचा.

दप्तराची चेन बंद होत नसेल तर दप्तर बदलायचं कारण नाही. बहुतेक वेळा दात शाबूत असतात आणि रनर फाकलेला असतो. पकडीनं रनरच्या मागच्या दोन्ही कडा हलक्या दाबा, थोडं थोडं करून बघा, एकदम दाबलं तर तो तुटतो. दातांवर मेणबत्ती घासा. पट्टा उसवला असेल तर चपला शिवणाऱ्याकडे न्या. रेनकोट दप्तरावरून घालता येईल इतका मोठा घ्या, तरीही दप्तराच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी हवीच, कारण पाणी शिवणीतून शिरतं.

सरकारी शाळेत पहिली ते दहावीला एक जोड काळे बूट आणि दोन जोड मोजे मिळतात. बाकीच्यांनी बूट शाळा उघडायच्या आठवड्यात, संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय किंचित फुगलेला असतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्या. शाळेची परवानगी असेल तर पावसाळ्यात प्लास्टिकचे सँडल घाला आणि बूट सप्टेंबरपर्यंत कोरडे ठेवा. भिजलेच तर चुलीजवळ किंवा शेगडीशेजारी ठेवू नका, उष्णतेनं तळव्याचा गोंद सैल होतो आणि आठ दिवसांत तोंड उघडतं. आतला तळवा बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं ओले बोळे बदला आणि रात्रभर पंख्याखाली आडवे ठेवा.